पत्ता झाडाचा लिहा

किडा कुठे सापडला आणि किडा कुठे राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण मात्र पहिल्याचं उत्तर लिहितो आणि दुसऱ्याचंही झालं असं समजतो. हे मत माझं जुनंच आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला आणि त्यावरून जे काही झालं, ते बघून म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

फोटो नवीन पनवेलचा. एका गाळ्याबाहेर रचून ठेवलेली पाइनची खोकी, त्यातल्या एकावर बसलेला बोटाएवढा राखाडी भुंगा. अंगापेक्षा लांब मिशा आणि डोक्यामागे दोन नारिंगी ठिपके. खाली मजकूर: ‘पाइन खाणारा परदेशी भुंगा पनवेलमध्ये! सावधान!’ तासाभरात हा मेसेज गावभर फिरून परत आमच्याच ग्रुपवर आला :)

तर मंडळी, हा परदेशी वगैरे काही नाही. याचं शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, पण आंब्याचं भिरूड म्हटलं की कोकणातल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. आंबा, फणस, अंजीर, सावर ही त्याची झाडं. मादी सालीला चीर पाडून आत अंडी घालते. अळी खोड पोखरत जाते आणि भोकातून भुसा बाहेर पडत राहतो. भुंगा होऊन बाहेर यायला साधारण वर्ष जातं, आणि पाऊस सुरू झाला की हे भुंगे दिसू लागतात. रात्री दिव्याकडे येतात. गाळ्यावर ट्यूबलाइट होती, खाली खोकं होतं, बसला बिचारा. स्टॉपवर बसची वाट बघणाऱ्याला आपण ‘राहणार बसस्टॉप’ म्हणतो का?

अर्थात मेसेज पाठवणाऱ्याची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही सांगायला हवं. पाइन आपल्याकडचं झाडच नाही. चीड हिमालयात, खासी पाइन ईशान्येकडे. महाराष्ट्राच्या रानात आपोआप उगवलेला पाइन दाखवा आणि माझ्याकडून मिसळ घ्या. पण न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून पनवेल-उरणच्या गोदामांत देशोदेशीचं पॅकिंगचं लाकूड येऊन पडतंय. त्यातून किडे येऊ शकतात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चीनकडचा एक लांब मिशांचा भुंगा सापडला. तो अशाच पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात, आणि त्याच्यापायी तिथे हजारो झाडं तोडावी लागली. पुढे २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला: असं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं किंवा त्याला धुरी द्यायची, आणि तसा शिक्का मारायचा. पुढच्या वेळी खोकं दिसलं तर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का शोधा.

पाइनवरच्या भुंग्यांची तर आणखीच गंमत. अर्होपालस फेरस नावाचा एक मूळचा युरोपातला भुंगा आहे, तो न्यूझीलंडमध्ये जाऊन स्थायिक झाला. जळालेल्या किंवा नुकत्याच मेलेल्या पाइनवर मादी अंडी घालते. कापलेल्या फळ्यांच्या थप्पीत मात्र हेच भुंगे दिवसा नुसते लपायला शिरतात आणि थप्पीबरोबर बोटीने परदेशी जातात. म्हणजे पाइन खाणारा भुंगा, पाइनच्या फळीवर सापडलेला, तरी त्या फळीत त्याचं घर नाही! आता असा एखादा गोदामात मेलेला सापडला आणि कोणी नोंद केली ‘पनवेल, पाइनवर’, तर नकाशावर एक ठिपका पडला. पन्नास वर्षांनी तो बघणाऱ्याला वाटणार, पनवेलला पाइनचं जंगल होतं.

(अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावरच्या सुरूला पर्यटक बिनधास्त पाइन म्हणतात, तो घोळ वेगळाच. सुरू पाइनच्या कुळातलाही नाही. असो.)

जुन्या संग्रहांतल्या काही चिठ्ठ्यांवर नुसतं ‘बॉम्बे’ लिहिलेलं असतं. बॉम्बे म्हणजे शहर, बंदर की सिंधपासून धारवाडपर्यंतचा अख्खा इलाखा? त्या काळच्या माणसाला मी माफ करतो. आपल्याला माफी नाही, कारण फोन तारीख आणि जागा स्वतःच टिपतो. आपण फक्त झाड लिहायचं. कोणतं झाड, जिवंत की वाळलेलं, भोक आणि भुसा दिसला का, की नुसता दिव्यावर आला. बस, चार गोष्टी. ‘आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का’ असं कोणीतरी म्हणणारच. नाही आहात, पण झाड ओळखता ना?

आणि हे सगळं फक्त नकाशापुरतं असतं तर मी एवढा तापलो नसतो. तो मेसेज आमच्या रत्नागिरीच्या मावशीनेही वाचला. पाइनचा किडा, तोही परदेशी, मग आपल्याला काय त्याचं, म्हणून तिने तो सोडून दिला. तिच्या विहिरीजवळच्या हापूसच्या बुंध्याशी तेव्हा भुसा पडत होता. मी फोनवर सहज विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘अरे, तो मुंग्यांचा असेल.’ मग गड्याने वाकड्या टोकाची तार घालून चार अळ्या ओढून काढल्या, भोकांत औषधाचे बोळे कोंबून वर चिखल लिंपला. एक मोठी फांदी मात्र तोवर वाळलीच होती. आजोबांनी लावलेलं झाड आहे ते. त्याच मेसेजात ‘पाइन’ऐवजी ‘आंबा’ लिहिलेलं असतं, तर मावशी त्याच संध्याकाळी बॅटरी घेऊन विहिरीवर गेली असती, तिला मी ओळखतो.

परवा तिने ग्रुपवर फोटो टाकला. त्यात भुंगा नाहीच, नुसता बुंधा आणि खाली थोडासा भुसा. सोबत लिहिलंय: ‘रायवळ, गोठ्यामागचा, जिवंत, भोकं दोन, कृष्ण नवमी.’ तारखेच्या जागी तिथी आहे, पण चालेल.