खोक्यावर नाव कुणाचं?

संध्याकाळी धामणकर नाक्यावर उभं राहिलं की भिवंडीचे दोन्ही धंदे एकदम दिसतात. लूमची पाळी संपवून निघालेले कारागीर, अंगावर कापसाचे तंतू. आणि अंजूरफाटा, काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या गोडाऊनमधून शेअर रिक्षानं परतणारी पोरं, गळ्यात अजून ओळखपत्र लटकलेलं. यांच्यातलाच एक, बी.कॉम. झालेला, बावीस वर्षांचा, मला चहाच्या टपरीवर भेटला. दिवसभर तो परदेशी माल मोजतो, स्कॅन करतो, खोक्यात भरतो. त्यानं मोबाइल पुढे केला. ओळखीच्या माणसाचा मेसेज होता: तुझ्या नावावर इम्पोर्टचा धंदा सुरू करू, तुला काहीच करायचं नाही, फक्त पॅन, आधार, फोटो आणि बँकेचं खातं दे. दर कंटेनरमागे पंधरा हजार मिळतील.

“चाचा, सही करू का?”

मी लगेच “नको” म्हटलं. पण नुसत्या “नको”नं बावीस वर्षांच्या मुलाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. त्याचा पगार किती आहे ते मला माहीत होतं. म्हणून त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो, कारण असा मेसेज आलेला तो काही एकटा नाही.

परदेशातून व्यापारासाठी माल आणायचा तर आयईसी लागतो, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक. तो डीजीएफटीच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, सरकारी फी ५०० रुपये. तुमचा पॅन क्रमांक हाच तुमचा आयईसी असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत केली नाही तर तो बंद पडतो, एवढीच काय ती कटकट. आता विचार करा. ज्याच्याकडे कंटेनरभर माल आणायचे पैसे आहेत, त्याला ५०० रुपयांत स्वतःचा क्रमांक मिळत असताना तो तुमच्या क्रमांकासाठी पंधरा हजार का मोजतो? त्याला त्या कागदावर स्वतःचं नाव नको आहे. का नको, हे त्यालाच पक्कं ठाऊक आहे.

सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे. त्यात मालाचा मालक तर आयातदार ठरतोच, पण जो स्वतःला आयातदार म्हणवतो तोही ठरतो. पडद्यामागचा खरा लाभधारक २०१७ मध्ये या व्याख्येत आला, म्हणजे त्यालाही पकडता येतं. पण तो सापडेपर्यंत नोटीस कुठे जाणार? पॅनवर जो पत्ता आहे तिथे. किंमत कमी दाखवली, माल एक आणि कागदावर दुसरा, असं जाणूनबुजून केल्याचं आढळलं तर बुडालेल्या शुल्काची मागणी पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येते. खोटी कागदपत्रं जाणूनबुजून वापरल्याबद्दल मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद. पंधरा हजार तीन महिन्यांत संपलेले असतात आणि नोटीस लग्नानंतर, मूल झाल्यावर येते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती आडपडदा न ठेवता सांगायला हवी. मे २०२५ पासून पाकिस्तानी माल थेट किंवा दुसऱ्या देशामार्गे आणण्यावर पूर्ण बंदी आहे. त्यानंतर जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, न्हावा शेवा बंदरात ३९ कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. माल पाकिस्तानी, त्यात खारीक, आला दुबईमार्गे आणि कागदावर मूळ देश यूएई. उद्या अशा एखाद्या कागदावर भाड्यानं दिलेलं नाव तुमचं निघालं, तर चौकशी फक्त शुल्कापुरती राहील असं मला वाटत नाही. मोहल्ल्यातही ती तेवढ्यावर थांबणार नाही. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण त्यासाठी कागद आपल्या बाजूनं असावा लागतो.

जीएसटीतही हाच खेळ आहे. गरिबांच्या पॅन-आधारवर कागदी कंपन्या काढतात, खोटी बिलं फिरवतात. मे ते जुलै २०२३ मध्ये देशभर बनावट नोंदण्यांविरुद्ध खास मोहीम काढावी लागली. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून करदाता शोधण्याची सोय आहे. हा अंक बाजूला ठेवून आजच आपला पॅन टाकून पाहा, अब्बांचा आणि अम्मीचाही. ओळखीची नसलेली नोंदणी दिसली तर पोर्टलवर तक्रार करा, पोलिसांतही लेखी द्या आणि पोच सांभाळून ठेवा.

मला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटतं. कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकरातली २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, आणि मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणं येणार आहे त्यानं. ही आयत आपण तिलावतीत वाचतो आणि नाक्यावर येऊन कोऱ्या कागदावर सही करतो. देणं आपल्यावर, मजकूर दुसऱ्याचा.

पण एवढं ऐकून “इम्पोर्टचा धंदाच वाईट” असं म्हणून कुणी घरी जाऊ नये. मला तर उलटं म्हणायचं आहे. उद्या गोडाऊनमध्ये परदेशी मालाचा पॅकबंद खोका हातात आला की उलटा करून पाहा. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. पूर्वी मुंबईची जकात चुकवायला, म्हणजे कायदेशीरपणे लांबवायला, माल हद्दीबाहेर ठेवत, त्यातून आपल्या भोवतीची गोडाऊनं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी येऊन जकात गेली तरी गोडाऊनं राहिली, मोठी झाली. न्हावा शेवाचा माल इथून राज्यभर आणि त्याही पलीकडे जातो. तो आपल्या पोरांच्या हातातून जातो, खोक्यावर मात्र आपल्यातल्या फार थोड्यांचं नाव असतं.

परदेशी कारखानदारासाठी भारत ही वाढती बाजारपेठ आहे. त्याला इथे माणूस हवा असतो आणि तो तुमचं इंग्रजी तपासत बसत नाही. तो विचारतो: किती दुकानांत माल ठेवाल, उधारी किती दिवसांत वसूल कराल, माल बिघडला तर निस्तरणार कोण? आयात म्हणजे निम्मं काम. माल आणणारे पुष्कळ असतात, तो गल्लीबोळात पोचवून पैसे परत आणणारे कमी.

खजुराचंच घ्या. जगात खजूर आयात करणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. इराकची झाहेदी, सौदीची अजवा आणि कल्मी, इराणची मझाफती, यांतला फरक आपल्या घरातल्या लहान मुलालाही चवीनं कळतो. मझाफतीला थंड साठवण लागते, झाहेदी बाहेर टिकते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मागच्या वर्षीच्या तारखेवर ऑर्डर दिली की माल उशिरा येतो, आणि ईदनंतरच्या खजुराला कोण विचारतं? खाद्यपदार्थ बंदरातून सोडवताना टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. आयातदाराला एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो. कागद अडकले की कंटेनर बंदराजवळच्या यार्डात पडून राहतो, मोफतचे दिवस संपले की भाडं रोज चढतं, आणि नफा तिथेच विरघळतो. हे सगळं शिकता येतं. रील बघून नाही, एखाद्या परवानाधारक कस्टम ब्रोकरकडे सहा महिने फायली वाहून.

दुसरं आपलं ज्ञान लूमचं. कुठला पार्ट आधी झिजतो, कुठला मागवायला उशीर झाला की पाळी बंद पडते, हे भिवंडीच्या फिटर आणि जॉबरइतकं कुणाला कळतं? पण तो मशीन दुरुस्त करून घरी जातो आणि पार्ट विकणारा दुसरा असतो. त्या फिटरचा बी.कॉम. झालेला मुलगा काल्हेरला टूथब्रश मोजतो. बाप-लेकानं एकत्र बसून एकदा वही उघडायला हवी.

व्यापार आपल्याला परका नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात शेजारच्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणी मुसलमान मुहम्मद अली रोगे हे पारशी जमशेटजी जीजीभॉय आणि जैन मोतीचंद अमीचंद यांच्यासोबत भागीदारीत चीनशी व्यापार करत. त्यात अफू होती, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि तो भाग अभिमानानं मिरवण्यासारखाही नाही. पण तीन धर्मांचे तिघे एकमेकांच्या नावावर विश्वास ठेवून समुद्रापार माल पाठवत, हे घेण्यासारखं आहे.

भांडवलाचा प्रश्न खरा आहे. बँका आपल्या वस्त्यांत हात आखडता घेतात, ही तक्रार २००६ च्या सच्चर अहवालातही आली होती. मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं, शिशू गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत. नकार दिला तर तो लेखी मागा. ज्यांना व्याज नको त्यांच्यासाठी मुदारबा आहे: पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या हिश्शानं, तोटा झाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि राबणाऱ्याची मेहनत. पैगंबर (स.) हजरत खदीजांचा माल घेऊन शामला गेले होते, हे आपण मिलादमध्ये ऐकतो. मग आपल्या जमाती, शादीहॉलवर खर्च करणारे आपले शेठ, वर्षाला पाच मुलांना लेखी करारानं मुदारबा का देत नाहीत? मशिदीत जुम्याला दोन मिनिटं पॅन-आधार भाड्यानं न देण्याबद्दल का बोललं जात नाही? हे प्रश्न या अंकातून मी त्यांना विचारतो आहे आणि उत्तर आलं तर जसंच्या तसं छापीन.

त्या मुलानं सही केली नाही. एवढ्यावर मी त्याला सोडलं असतं तर पुढच्या महिन्यात त्यानं केली असती, म्हणून त्याच टपरीवर जुन्या बिलाच्या मागे आम्ही हिशेब मांडला. कंटेनर नाही. वाशीच्या मार्केटमधून, ज्यानं रीतसर आयात केली आहे त्याच्याकडून, पक्क्या बिलावर थोडी पेटी खजूर, स्वतःची साधी एफएसएसएआय नोंदणी आणि नाक्याच्या आसपासची बारा दुकानं. रमजान संपला तेव्हा त्यानं वही आणून दाखवली. नफा त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता, त्यातला निम्मा अजून तीन दुकानदारांकडे अडकलेला.

“चाचा, हे तिघे ओळखीचेच आहेत,” तो म्हणाला, “म्हणून लिहून घेतलं नव्हतं.”