विसावा हा वाटेचाच भाग

चालण्याचा हिशेब आपण ठेवत नाही. शरीर मात्र ठेवते. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास चालताना दर किलोमीटरमागे माणसाची शक्ती सर्वांत कमी खर्च होते. फार घाई केली तरी खर्च वाढतो, फार रेंगाळले तरी वाढतो. एकटा माणूस हा वेग नकळत पकडतो. घोळक्यात तो त्याच्या हाती राहत नाही. पुढचा थबकला की थांबायचे, पुढचा सुटला की धावायचे. याचा भुर्दंड बसतो तो रांगेच्या शेपटाला, आणि मागे पडलेले बहुधा तेच असतात, ज्यांच्या गाठीला शक्ती थोडी.

आळंदी-पंढरपूरच्या वारीने हा हिशेब कागदावर न मांडताच सोडवला आहे, असे मला वाटते. रथ बैलांच्या चालीने जातो. त्याच्या पुढच्या-मागच्या दिंड्यांचे क्रम ठरलेले. कोणी कोणाला मागे टाकत नाही. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले एका लयीत पडतात. जड सामान ट्रकने पुढे जाते. न्याहारीच्या, जेवणाच्या, विसाव्याच्या जागा ठरलेल्या. दिवे घाट चढून सासवड गाठण्याचा लांबचा टप्पा झाला की तेथे साधारणतः दोन रात्री मुक्काम असतो. म्हणूनच साठी उलटलेली आजीही तरण्यांच्या बरोबरीने पंढरपूर गाठते.

आता दुसरी वाट पाहा. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. टाळेबंदीत मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी परतण्यासाठी ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. ‘रुळांवर कशाला झोपायचे?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. शक्ती संपलेला माणूस जागा निवडत नाही. जेथे ती संपते तेथे तो पडतो. खरे विचारायचे ते हे, की त्या वाटेवर विसावा का नव्हता?

वारीमागे शतकांची परंपरा आहे आणि टाळेबंदी अचानक आली, हे मान्य. पण त्या दिवसांत शाळा-महाविद्यालयांत वर्ग भरत नव्हते. छप्पर होते, पाणी होते. दार उघडायला हवे होते.

पुढे पुन्हा कधी माणसांचे तांडे रस्त्यावर आले, तर त्यांचा वेग धडधाकटांच्या पायांवरून मोजू नये. सर्वांत थकलेला कोठवर पोहोचेल ते पाहून तेथे घोटभर पाणी आणि पाठ टेकायला जागा ठेवावी. ती मेहेरबानी नव्हे. मैलाचा दगड जसा रस्त्याचा, तसाच विसावाही रस्त्याचाच.