निकडीचा प्रवासी

७ मे २०२० च्या रात्री अबुधाबीहून आलेले विमान कोचीत उतरले आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणारी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. त्याच रात्री जालन्याहून पायी निघालेले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत होते. तिथून मध्य प्रदेशात जाणारी गाडी मिळेल, अशी त्यांची आशा होती. दमून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीने त्यांतल्या १६ जणांना चिरडले. विमानातल्यांना काय आणि रुळांवरच्यांना काय, घरीच जायचे होते. पण विमानात बसणाऱ्याला सरकारने ‘तुला आताच का जायचे आहे?’ असे विचारले होते आणि उत्तर पाहून त्याचा क्रम लावला होता. रुळांवरच्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही. महासाथीत माणसे का फिरली, याचा हिशेब मांडायचा तर या न विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

‘वंदे भारत’साठी केंद्राने काढलेली कार्यपद्धती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. नोकरी गेलेले कामगार, व्हिसाची मुदत संपत आलेले, उपचारांची तातडी असलेले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात मृत्यू झाल्याने परतणे भाग असलेले आणि विद्यार्थी यांना प्राधान्य होते. तिकीट ज्याचे त्याने काढायचे होते. लंडनहून मुंबईला सुमारे ५० हजार आणि अमेरिकेहून लाखभर रुपये मोजावे लागत, त्यामुळे या मोहिमेला परोपकार म्हणण्याचे कारण नाही. नियमांत विक्षिप्तपणाही होता. अमेरिकेत नोकरी गमावलेल्या भारतीय आईवडिलांना विमानात जागा मिळे, पण तिथे जन्मल्याने अमेरिकी नागरिक ठरलेल्या त्यांच्या तान्ह्या मुलाला मिळत नसे. आईवडिलांनी मुलाला मागे ठेवून यावे, असे कोणाच्या मनात असेल असे नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात ते मूलच नव्हते. २२ मे रोजी तो नियम सैल करावा लागला. इतके असूनही, माणूस प्रवासाला का निघतो याचा विचार करून लिहिलेल्या त्या काळातल्या मोजक्या सरकारी कागदांपैकी हा एक होता.

अठरा दिवसांत तो विचार गुंडाळला गेला. २५ मे रोजी देशांतर्गत विमाने सुरू झाली, तेव्हा कारणांची यादी कुठेच नव्हती. नेहमीच्या उड्डाणांपैकी एक तृतीयांश उड्डाणे होतील एवढे ठरले आणि भाड्यांच्या मर्यादा ठरल्या. दिल्ली-मुंबई प्रवासाला कमीत कमी साडेतीन हजार, जास्तीत जास्त दहा हजार. कमाल मर्यादा प्रवाशासाठी होती हे उघड आहे. किमान मर्यादा मात्र विमान कंपन्यांनी एकमेकींचा गळा घोटू नये म्हणून होती. म्हणजे विमान निम्मे रिकामे उडाले तरी दोन हजारांत तिकीट विकायला कंपनीला बंदी! ज्याच्याकडे पैसे तो निकडीचा, अशी व्याख्या सरकारने कुठे लिहिली नाही. ती आपोआप तयार झाली. तीन दिवसांनी, २८ मे रोजी, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मुंबईत अडकलेल्या पावणेदोनशेच्या आसपास मजुरांना विमानाने रांचीला धाडले. त्यांतल्या बहुतेकांचा तो पहिलाच विमानप्रवास. पुढे काही महिन्यांनी बांधकामे अडली, तेव्हा बिल्डरांनीच बिहारमधून मजुरांना विमानाची तिकिटे काढून परत आणले. मजुराला जायचे होते तेव्हा वर्गणी लागली, मजूर हवा होता तेव्हा तिकीट हजर झाले.

पहिल्या दिवशी ५३२ उड्डाणांतून ३९,२३१ जण गेले. त्यांत दिल्लीहून एकट्याने बंगळुरूला आलेला पाच वर्षांचा मुलगा होता. तीन महिन्यांनी तो आईला भेटला. त्याचे छायाचित्र सगळ्यांनी पाहिले आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मोठ्या माणसांच्या वाट्याला ही सहानुभूती आली नाही. ‘घरी बसवत नाही का यांना?’ हा तेव्हाचा सार्वत्रिक शेरा. तो अगदीच निराधार होता असेही नाही, कारण विषाणू या देशात विमानानेच आला. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण दुबईची सहल करून पुण्याला परतले होते आणि ९ मार्चला त्यांचे अहवाल आले. त्यानंतर आठवडाभरात आपण परतणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारू लागलो, आणि असे शिक्के घेऊन गरीबरथने निघालेल्या प्रवाशांना पालघरला उतरवले गेले. हौशी माणसांचाही तुटवडा नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये इथे प्राणवायूसाठी धावाधाव चालली असताना सिनेतारे मालदीवच्या निळ्या पाण्यातली छायाचित्रे टाकत होते. मे महिन्यात मदुराईच्या एका जोडप्याने टाळेबंदी चुकवायला विमान भाड्याने घेऊन दीडशेहून अधिक वऱ्हाडींसह आकाशात लग्न लावले. ऑस्ट्रेलियात तर ऑक्टोबर २०२० मध्ये सिडनीहून निघून सिडनीलाच उतरणाऱ्या सात तासांच्या उड्डाणाची सारी तिकिटे दहा मिनिटांत खपली. त्या विमानाला जायचे कुठेच नव्हते. अशांवर कोरडे ओढणे सोपे असते आणि आमच्यासह सर्वांनी ते ओढले.

पण आकडे वेगळे सांगतात. मार्च २०२१ मध्ये देशात ७८ लाख लोक विमानाने फिरले, एप्रिलमध्ये ५७ लाख आणि मे महिन्यात २१ लाख. मे २०२१ म्हणजे स्मशानाबाहेर रांगा आणि नद्यांतून वाहणारी प्रेते. हौस तोवर विरली होती, कचेऱ्यांच्या बैठका संगणकाच्या पडद्यावर गेल्या होत्या. तरीही २१ लाख उरले. ही माणसे बेफिकीर होती असे म्हणवत नाही. ज्यांचे आईवडील एका शहरात, नोकरी दुसऱ्या शहरात आणि मुले तिसऱ्या देशात, असा आपला मध्यमवर्ग गेल्या तीस वर्षांत घडला. पुण्यात सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत असंख्य घरांत दोन वृद्ध आणि भिंतीवर नातवंडांचे फोटो असतात. या घडणीला आपण प्रगती म्हटले, आणि ती प्रगती विमान वेळेवर सुटेल या एका गृहीतकावर उभी होती. वडिलांना रुग्णालयात जागा मिळाली की नाही, हे दूरध्वनीवरून कळू शकते. जागा मिळवायला माणूस लागतो. डबा पोहोचवायला, रेमडेसिविरच्या रांगेत उभे राहायला आणि शेवटी सही करायलाही लागतो.

मृत्यूची निकड नियमांना सर्वांत कमी कळली, असे आमचे मत आहे. परदेशातून येणाऱ्यासाठी १४ दिवसांचे विलगीकरण होते आणि आपल्याकडे तेरावा तेराव्या दिवशी असतो. घरी मृत्यू झालेल्यांना संस्थात्मक विलगीकरणातून सूट होती, हे खरे. त्या सुटीसाठी ऑगस्ट २०२० पासून प्रवासाच्या ७२ तास आधी संकेतस्थळावर अर्ज करावा लागे. घरातल्या मृत्यूची ७२ तास आधी खबर कोणाला असते? याउलट महाराष्ट्रात देशांतर्गत विमानाने येऊन आठवड्याच्या आत परत जाणाऱ्याला, परतीचे तिकीट दाखवल्यास, घरातल्या विलगीकरणातूनही सूट मिळू शकत होती. व्यवसायासाठी येणाऱ्याची सोय त्यात पाहिली होती आणि त्यात गैर नाही. पण अशी सोय पाहता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तीच गोष्ट लशीची. ७ जून २०२१ रोजी केंद्राने कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर तीन प्रकारच्या प्रवाशांसाठी २८ दिवसांवर आणले: परदेशी शिकायला जाणारे, नोकरीला जाणारे आणि टोक्यो ऑलिंपिकचे पथक. त्याआधीच मुंबई महापालिकेने राजावाडी, कूपर आणि कस्तुरबा रुग्णालयांत परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना नोंदणीविना लस देणे सुरू केले होते. ही तत्परता वाखाणण्याजोगी. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली आई मात्र या तिन्हींत बसत नव्हती. अमेरिकेनेही ४ मेपासून ८ नोव्हेंबरपर्यंत भारतातून येणाऱ्या बहुतेकांना दार लावले होते. आईविना झालेल्या त्या सहा महिन्यांतल्या बाळंतपणांची नोंद कुठल्या खात्याकडे नाही.

खलाशांकडे तर कोणाचे लक्षच नव्हते. जहाजावरचा माणूस घरी यायचा तर त्याच्या जागी दुसऱ्याला विमानाने त्या बंदरात पोहोचावे लागते. विमाने थांबली आणि ही अदलाबदल थांबली. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. आंतरराष्ट्रीय करारान्वये सलग अकरा महिन्यांची मर्यादा असताना काही जण दीड वर्ष समुद्रावर होते. त्यांत भारतीयांची संख्या मोठी, आणि कोकण-गोव्यातल्या अनेक घरांची चूल याच पगारावर पेटते. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यासमोर आलेल्या क्रूझ जहाजांवरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना, गोवेकरांसह, समोर दिसणाऱ्या जमिनीवर पाय ठेवायला परवानगीची वाट पाहावी लागली. २०२१ च्या लाटेत सिंगापूरसह काही बंदरांनी भारतातून आलेल्या खलाशांना मज्जाव केला. एका खलाशाचे विमान चुकले की दुसऱ्याची सुटका लांबते, एवढी साधी साखळी होती ती.

उड्डाण किती सुरक्षित होते, यावर त्या काळात बरीच शाई खर्च झाली. विमानातली हवा गाळून घेतली जाते हे खरे, आणि ४ एप्रिल २०२१ च्या दिल्ली-हाँगकाँग उड्डाणातले जवळपास पन्नास जण बाधित निघाले हेही खरे. मधली जागा मोकळी ठेवावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर मधल्या प्रवाशाला अंगरखा चढवून तो मिटला. निकड असलेल्याला या वादाचे फारसे सोयरसुतक नव्हते.

धोका विषाणूचाच होता असेही नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी ‘वंदे भारत’चे दुबईहून आलेले विमान मुसळधार पावसात कोळिकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे गेले, खाली कोसळले आणि मोडले. १९० पैकी २१ जण गेले. त्यांत वैमानिक कॅप्टन दीपक साठे होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेला, हवाई दलातला नावाजलेला हा अधिकारी मूळ नागपूरकर. चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका वैमानिकावर ठेवला. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: दुसऱ्या सकाळचे उड्डाण करण्यासाठी कोळिकोडलाच उतरण्याची घाई आणि तिथे पुरेसे कॅप्टन नसणे, या गोष्टीही कारणीभूत होत्या. प्रतिबंधित क्षेत्रात राहणारी आसपासची माणसे त्या रात्री पावसात धावली, जखमींना आपापल्या गाड्यांतून रुग्णालयात घेऊन गेली आणि नंतर स्वतः विलगीकरणात गेली. तू का आलास, असे त्यांनी कोणत्याच प्रवाशाला विचारले नाही.

सरकारला मात्र ते विचारावे लागेल, आणि आधीच ठरवून विचारावे लागेल. मुंबई-पुण्याच्या प्लेगमध्ये जन्मलेला १८९७ चा साथरोग कायदा अजून लागू आहे. त्यात रेल्वेचे प्रवासी आणि जहाजे तपासण्याचा अधिकार आहे. २०२० च्या दुरुस्तीने बस आणि विमानही तपासणीच्या कक्षेत आले. प्रवासी म्हणजे तपासायची, अडवायची वस्तू, यापलीकडे हा कायदा जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने २८६ व्या अहवालात तो बदलण्याची किंवा नवा करण्याची शिफारस केली. नवा मसुदा होईल तेव्हा त्यात एक छोटे कलम हवे. मे २०२० ची यादी त्याचा पाया होऊ शकते, फक्त मृत्यू, गंभीर आजार आणि बाळंतपण तिच्या डोक्यावर हवेत आणि खलाशांसारखी सुटून गेलेली नावे तिच्यात घालायला हवीत. प्रत्येक उड्डाणात, तसेच रेल्वे आणि एसटीतही, या यादीसाठी काही जागा शेवटच्या तासापर्यंत राखलेल्या असाव्यात, आणि त्यांच्या भाड्याला कमाल मर्यादा असावी, किमान नसावी. काही जण खोटे दाखले आणतील, ई-पासच्या काळात आणलेच होते. त्यांची चौकशी उतरल्यावर करावी आणि दंड जबर असावा. चढताना मात्र रुग्णालयाचे पत्र किंवा तलाठ्याचा, ग्रामसेवकाचा फोन एवढ्यावर भागावे.