विकलेली गाडी, राखून ठेवलेली किल्ली

मुरुडला रात्री लाइट जाते. रोज जात नाही, पण ज्या रात्री जायला नको त्या रात्री हमखास जाते. अंगणात इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून झोपणाऱ्या माणसाला म्हणून मध्यरात्री एकदा तरी बघावं लागतं, की लाइट परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झालं की तसंच राहिलं. मी हे अंथरुणातूनच बघायचो. फोन उचलायचा, ॲप उघडायचं, आकडा पाहायचा आणि कूस बदलायची. अम्मीला महिन्यातून दोनदा मुंबईला डॉक्टरकडे न्यावं लागतं. मांडवा इथून सुमारे ७० किलोमीटर. तिथून रो-रोवर गाडी चढवली की तासाभरात भाऊचा धक्का. एवढ्या हिशेबावर मी ही गाडी घेतली होती.

तीन वर्षांनी ॲपने सांगितलं, मोफत मुदत संपली, पैसे भरा. भरले. आणखी काही महिन्यांनी त्याच ॲपमध्ये एक ओळ आली की ‘आपल्या मॉडेलसाठी ही सुविधा आता उपलब्ध नाही.’ चार्जिंग दिसेना, एसी लांबून सुरू होईना. गेल्या मार्चमधल्या एका रात्री लाइट गेली, आली, पण चार्जिंग सुरू झालं नाही. पहाटे चार वाजता गाडीत ३१ टक्के. भाड्याची गाडी शोधेपर्यंत बोट सुटली आणि डॉक्टरांची वेळही गेली. कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, “सर, पण गाडी चालतेय ना?”

या एका वाक्याशी माझं भांडण आहे. त्या मुलाशी नाही, त्याला ते वाक्य लिहून दिलेलं असणार.

गाडी चालते, हे खरं. पण शोरूममध्ये मला आधी बॅटरी दाखवली नव्हती, आधी फोन दाखवला होता. विक्रेत्याने काचेआड उभ्या असलेल्या गाडीचा एसी खुर्चीवर बसल्या बसल्या सुरू करून दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच तो शोधून काढलाय. जाहिरातीत तेच, माहितीपत्रकात तेच. किंमत ठरली ती हे सगळं धरून. मग आता ते ‘जादा सोय’ कसं झालं? विहीर विकली, पाणी विकलं नाही, असं म्हणणारा माणूस आपल्याला लहानपणी बिरबलाच्या गोष्टीत भेटलेला आहे. आपण त्याला हसलो होतो.

आणि हे एकट्या मुरुडचं रडगाणं नाही. ब्रिटनमध्ये निस्सान कंपनीने २०१६ पूर्वीच्या लीफ गाड्यांची ॲपसेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. कारण दिलं, २जी नेटवर्क जाणार आहे. आता गंमत बघा. तिथल्या मोबाइल कंपन्यांनी २जी बंद करायला २०३३ पर्यंतची मुदत घेतलेली आहे! नेटवर्क जिवंत असताना सेवेचं दफन झालं. पुढची पाळी २०१९ पर्यंतच्या गाड्यांची, मार्च २०२६ मध्ये. म्हणजे सात वर्षांची गाडी यांच्या लेखी म्हातारी. आपल्याकडे सात वर्षांच्या गाडीला लोक ‘नवीच आहे’ म्हणतात.

कंपनीच्या हातात नेमकं काय असतं, हे समजायला आपल्याच देशातलं उदाहरण आहे. २०१३ साली महिंद्राची ई-टू-ओ आली. वाटेत चार्जिंग संपलं तर लांबून संदेश देऊन राखीव चार्जिंग मोकळं करायचं, म्हणजे आणखी काही किलोमीटर जाता येतं, अशी सोय तिच्यात होती. कल्पना चांगलीच होती, अडलेल्या माणसाचे दुवा मिळवणारी. पण तिची दुसरी बाजू पाहा. जे लांबून मोकळं करता येतं ते लांबून अडवताही येतं. माझ्या अंगणातल्या बॅटरीवर दुसऱ्याचा हात पोचतो, आणि तो हात पुढे करायचा की मागे घ्यायचा हे मला विचारून ठरत नाही.

“सर्व्हर चालवायला खर्च येतो,” असं माझा एक इंजिनियर भाचा सांगतो. येतो, मान्य. पण बाबा, माझी खोली आणि माझी गाडी यांच्यात वीस पावलांचं अंतर आहे. ‘चार्जिंग चालू आहे का’ हा माझा प्रश्न आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत माझ्याच अंगणात येतो. कोणी सांगितला होता हा द्राविडी प्राणायाम? घरातलं वायफाय किंवा ब्लूटूथ एवढ्या कामाला पुरलं असतं. निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२० मध्ये, या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही मुके होते. अशा मुलखात वीस पावलांचा निरोप दूरच्या सर्व्हरवर सोपवणं हा शहाणपणा नव्हे. गाडीशी थेट बोलता आलं असतं तर दरवर्षी पैसे मागता आले नसते, एवढीच त्यातली अडचण.

जुनी गाडी घेणाऱ्यांचे हाल निराळेच. कुवैतहून परतलेल्या माझ्या मामेभावाने पुण्याहून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आणली. आरसी त्याच्या नावावर झाली, विमा झाला, ॲप मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर. ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो माणूस फोन उचलत नाही. मामेभावाला स्वतःची गाडी फोनवर दिसत नाही. पुण्यातल्या त्या अनोळखी माणसाला मात्र ती म्हसळ्यात कुठे, किती वाजता उभी आहे ते दिसू शकतं. शुक्रवारी दुपारी कोणत्या गल्लीत असते, तेही. ज्यांना यात काही विशेष वाटत नाही त्यांचा मला हेवा वाटतो.

आपल्या फिकहमध्ये खरेदी-विक्रीतल्या संदिग्धतेला ‘गरर’ म्हणतात आणि तसा व्यवहार नाजायज ठरतो. काय विकलं, किती विकलं, कधीपर्यंतचं विकलं, हे दोघांनाही स्पष्ट हवं. देशाचा कायदाही फार वेगळं बोलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, एका बाजूने योग्य कारणाशिवाय करार मोडण्याची मुभा स्वतःकडे ठेवली तर तो अनुचित करार होऊ शकतो. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणजे पुन्हा मुंबई. आणि मुंबईला जायला गाडी चार्ज असावी लागते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. बॅटरीची हमी बऱ्याच कंपन्या ८ वर्षांची देतात. मग ॲप तीनच वर्षांचं का? निदान बॅटरीइतकं तरी जगू दे. आणि सेवा बंदच करायची असेल तर त्याआधी गाडीशी थेट जोडण्याची वाट मालकाला उघडून द्या. राज्य सरकार इलेक्ट्रिक गाड्यांना आपल्या तिजोरीतून सवलती देतं, अटल सेतूवर टोल माफ करतं. आम्हालाही त्याचा फायदा होतो, नाकारत नाही. पण जनतेचा पैसा देताना एवढी एक अट कंपन्यांना घालायला सरकारची जीभ का अडखळते? गाडीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहा: लांबून चालणाऱ्या या सोयी अमुक तारखेला बंद होतील. मग बघू शोरूममधला मुलगा आधी फोन दाखवतो का.

मी कंपनीला पत्र लिहिलं. दोनच प्रश्न विचारले: विकताना ही तारीख मला का सांगितली नाही, आणि भरलेल्या पैशांतल्या उरलेल्या महिन्यांचं काय? उत्तर आलं. ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ खाली त्याच ॲपची नवी आवृत्ती घ्यायची लिंक होती. तोवर मी रात्री दोनचा गजर लावतो आणि टॉर्च घेऊन अंगणात उतरतो. अम्मी जागीच असते. “लाइट आली का रे?” म्हणते. “लाइट आली,” मी सांगतो, “चार्जिंगचं बघतो.”