राज्य बायकांचं, पण परीक्षा कसली?

'बायकांच्या हाती सत्ता द्या, मग बघा जग कसं सुधारतं!' असं कुणी म्हणालं की मला मेन्झोबेरान्झन आठवतं. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या कथाविश्वातलं हे जमिनीखालचं शहर. इथे राहतात ड्राऊ, म्हणजे टोकदार कानांचे एल्फ. आर. ए. साल्वातोरे यांच्या 'होमलँड' (1990) या कादंबरीत हे शहर भेटतं. घराण्याची प्रमुख बाई, पुजारिणी बायका, देवही बाईच! पुरुषांनी मान खाली घालून वागायचं. वाचताना क्षणभर गंमत वाटते, खोटं कशाला बोलू?

पण इथली मुलगी 'मोठी झाली' हे ठरतं शिकारीवर. एलेन कनिंगहॅम या लेखिकेनं 1996 च्या एका कथेत ही प्रथा रंगवलीय. नाव 'ब्लडिंग'; आपण रक्तदीक्षा म्हणू. वयात येणाऱ्यानं एखादा बुद्धिमान किंवा धोकादायक जीव मारून दाखवायचा. सावज माणूसही चालतं! कथेतली लिरिएल हुशार, हसरी पोर. तिच्या वाट्याला येतो एक ताकदवान जादूगार. त्याला निवडते तिची स्वतःची शिक्षिका, मत्सरापोटी, पोरगी परत येऊच नये म्हणून.

बघा, गादीवर बाई बसली, पण मोजपट्टी तीच राहिली. जिनं स्वतः रक्त सांडून मोठेपण मिळवलं, तीच पुढच्या पोरीला त्याच वाटेवर ढकलते. 'आम्ही नाही का केलं?' हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येतं की! नव्या सुनेला विचारून बघा.

'होमलँड'मध्ये ड्रिझ्ट नावाचा एक तरुण आहे. जमिनीवरच्या एल्फांवर हल्ला होतो, बाकीचे कापत सुटतात, आणि हा एका लहान मुलीला तिच्या आईच्या प्रेताखाली लपवून वाचवतो. त्याच्या समाजाच्या हिशेबात हा गुन्हाच. माझ्या मते मात्र त्या रात्री तो एकटाच मोठा झाला.

मैत्रिणींनो, लेकीला-सुनेला 'आता मोठी झालीस' म्हणताना आपण तिच्याकडे काय मागतो, ते एकदा तपासायला हवं. आपण सोसलं ते तिच्या पदरात टाकायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यासाठी कुठलं राज्य मिळायची वाट बघावी लागत नाही.