चुंबकाचे स्पंद आणि हाताचे काम

पक्षाघातानंतर बरेचदा पाय आधी सावरतो आणि हात मागे राहतो. रुग्ण काठी टेकत का होईना चालू लागतो. पण कोपर वाकलेले आणि मूठ आवळलेली असा हात महिनोन्‌महिने तसाच राहतो. पायाने भार पेलला तरी चालणे निभते. सदऱ्याचे बटण काजात घालायला मात्र बोटे सुटी-सुटी हलावी लागतात.

मेंदूला बाहेरून चालना देण्याचा मार्ग १९८५ मध्ये खुला झाला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून हाताचे स्नायू हलवून दाखवले. कवटीला हात लावावा लागला नाही. स्पंद सेकंदाला एक या संथ गतीने दिले की मेंदूचा तो भाग सहसा मंदावतो, वेगाने दिले की उत्तेजित होतो. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना आवरून धरतात आणि एक दुखावला की निरोगी अर्धगोल त्याला जास्तच दाबतो, असा तर्क आहे. म्हणून संथ स्पंद द्यायचे ते निरोगी बाजूला.

टोकियोच्या जिकेई विद्यापीठातील मासाहिरो आबो यांच्या चमूने याला ऑक्युपेशनल थेरपीची जोड दिली. रुग्णाला १५ दिवस दाखल करून घ्यायचे. २० मिनिटांत १२०० स्पंद, मग थेरपिस्टसोबत तासभर काम आणि तासभर स्वतःचा सराव, आणि दिवसातून दोनदा हेच. २०१२ मध्ये २०४ रुग्णांचे निष्कर्ष आले आणि हात सुधारल्याचे दिसले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय चुंबकाचे की कामाचे, हे कळायला वाव नव्हता.

अमेरिकेतील १२ केंद्रांवरच्या चाचणीने २०१८ मध्ये हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. १९९ रुग्णांपैकी काहींना खरे स्पंद, काहींना नुसता देखावा; थेरपी मात्र सर्वांना सारखीच. सहा महिन्यांनी खऱ्या गटातील ६७ टक्के रुग्णांचा हात ठरलेल्या मापाइतका सुधारला होता, देखाव्याच्या गटातील ६५ टक्क्यांचा. देखाव्याचे वेटोळेही पुरते निष्क्रिय नसावे, अशी शंका पुढे निघाली. तरीही दोन्ही गटांना समान मिळाली ती थेरपीच, आणि यंत्राच्या जाहिराती नेमके हेच सांगत नाहीत.

ही थेरपी दिसायला अगदी साधी असते. टेबलावर पंचा सरकवत पुसणे, पेला धरून तोंडापर्यंत नेणे, चिमटीने नाणे उचलणे. थेरपिस्टची नजर बोटांइतकीच खांद्यावर असते, कारण हात उचलताना रुग्ण खांदा वर ओढून वेळ मारून नेतो. काम जमू लागले की लगेच थोडे अवघड केले जाते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये या विषयाचे शिक्षण सुरू केले. तरी आजही अनेक कुटुंबे याला वेळ घालवण्याचे खेळ समजतात. घरची मायाही आड येते. घास भरवला, सदरा चढवला, की दुबळा हात वापरातून आणखीच बाद होतो.

संशोधन थांबलेले नाही. मानेतील व्हेगस मज्जातंतूला सरावाच्या ऐन क्षणी विजेचा झटका देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तिथेही उपकरण चालते ते सरावाबरोबरच. चुंबकीय उपचार सर्वांना चालत नाही: डोक्यात धातूची क्लिप किंवा शरीरात पेसमेकर असल्यास तो सहसा टाळतात, फेफऱ्याचा इतिहास असेल तर फार जपून देतात. बोटांत थोडीही हालचाल उरली नसेल, तर सरावाला धरायला काही सापडत नाही आणि फायदाही तुटपुंजाच होतो.