रंगवायला अर्धा तास, कळायला महिना?

वनहक्काचा दावा अडकला तर आपण मोर्चा काढतो. बेडक्याची डबी अडकली तर मात्र गप्प बसतो. ते डॉक्टरचं काम, आपल्याला काय कळतंय, असं बैठकीत काही जण म्हणाले. आम्हाला ते पटत नाही. सातबारा, नकाशा वाचायला शिकलो, मग हेही शिकू.

टीबीसाठी बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरतात, वाळवतात, आच देऊन पक्का करतात. त्यावर ऑरामाइन नावाचा पिवळा रंग ओतून 20 मिनिटं ठेवतात. मग धुऊन, आम्ल घातलेल्या स्पिरिटने रंग उतरवतात. टीबीच्या जंतूची साल मेणचट, तो धरलेला रंग सोडत नाही. शेवटी एक मिनिट परमँगनेट, विहिरीत टाकतात तेच जांभळं औषध. त्याने मागची बाजू काळी होते आणि एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू काजव्यासारखे चमकतात. जुन्या लाल रंगाला पट्टी खालून तापवावी लागे, इथे ती कटकट नाही. बघायलाही वेळ कमी लागतो.

सगळं मिळून तास धरा. उलट रंगवलेली पट्टी उजेडात फिकी पडते, म्हणून अंधारात ठेवून 24 तासांच्या आत बघायची असते. रंग थांबत नाही, मग कागद का थांबतो? आमच्याकडे निकाल येईपर्यंत माणूस वीटभट्टीवर गेलेला असतो. तिथे एका झोपडीत पोराबाळांसकट सगळे, आणि हा खोकतोय.

तपासणाऱ्या भावावर आमचा राग नाही, त्या एकट्याच्या गळ्यात तीन माणसांचं काम आहे. जागा भरा, डबी रोज न्या, दोन दिवसांत निकाल द्या, असा ठराव ग्रामसभेने करावा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पण निकालाशिवाय ते सुरू कसं होणार?

आपल्याकडूनही एक. डबीत थुंकी नको. छातीतून खोल खोकून काढलेला बेडका पाहिजे, एक तिथेच दिलेला आणि एक सकाळी उठल्या उठल्या काढलेला. जंतू थोडे असले तर रंगवूनही सापडत नाहीत. निकाल 'नाही' आला आणि खोकला, ताप चालूच राहिला, तर नॅट मशीनवरची तपासणी मागा.

डबी कोणत्या तारखेला गेली, निकाल कधी आला, हे प्रत्येक पाड्याने वहीत लिहावं. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.